मारियामातेच्या देवळावरचा घुमट

डोंगरावरच्या आमच्या चर्चला बाहेरगावचे लोक आजही दर्गाच समजतात. कन्नड गावाकडून येणाऱ्या एसटीतून घुमट दिसला की म्हाताऱ्या हात जोडतात आणि आत मारियामातेचा पुतळा बघून क्षणभर थबकतात. मग नवस बोलतातच. एवढं चढून आल्यावर कोण तसंच परत जाईल?

याला जबाबदार माझे वडील. निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतरच्या त्या काळात ते तिथे धर्मशिक्षक होते, सगळे त्यांना मास्तर म्हणत. गोव्याच्या फादरांनी दोन टोकदार मनोऱ्यांचा नकाशा वडिलांच्या हाती दिला आणि औषधपाण्यासाठी पुणं गाठलं. वडिलांनी खुलताबादचा मिस्त्री आणला. त्याचा हात दर्ग्यांच्या डागडुजीवर बसलेला. नकाशा बघून तो म्हणाला, असले सुळके आपण कधी बांधले नाहीत. वडिलांनाही ते आवडले नव्हतेच. देवाच्या घराला घुमट नसला तर ते गोदाम दिसतं, असं त्यांचं ठाम मत. घुमटच घाल, म्हणाले.

फादर परतले, पायथ्यावरून वर बघितलं आणि तिथल्याच दगडावर मटकन बसले. हे कुणी केलं, असं विचारल्यावर वडिलांनी खुशाल मिस्त्रीकडे बोट दाखवलं. बिशप आशीर्वाद द्यायला येणार होते. त्यांना पटलं नाही तर घुमट पाडायचा, आणि तोही मिस्त्रीनंच, असं ठरलं. मला वडिलांचा भयंकर राग आला.

बिशप आले. लोकांनी सवयीनं दारात चपलांचा ढीग केला होता, तो बघून त्यांनीही बूट काढले. मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. तसेच घुमटाखाली उभे राहून त्यांनी एक स्तोत्र हळूच गुणगुणलं. वरून ते दणदणीत होऊन परत आलं. त्यांनी पुन्हा गायलं, या वेळी मोकळ्या गळ्यानं. मग विचारलं, घुमटाची कल्पना कुणाची?

"माझी," वडील म्हणाले.

मिस्त्री पुढे आला. "मास्टरसाब, गिराना था तब तक मेरा था. रह गया तो तुम्हारा हो गया?"

बिशप खो खो हसले. वडील घुमटाची आतली बाजू निरखत राहिले.

घुमट राहिला. पुढं आमच्या घरी आमटी बिघडली की वाढताना आई सांगायची, ही मिस्त्रीनं केली. वडील मुकाट्यानं ओरपायचे.