मी सोललेली पाच आर्टिचोकं

केळफूल साफ करावं तर मीच, असं मी तीस वर्षं वरसे गावात आणि पेणच्या सासुरवाडीत सांगत फिरलो. त्या बढाईपायी माझ्या सगळ्यात जुन्या मित्राच्या सहा आर्टिचोकांपैकी, म्हणजे परदेशी भाजीच्या बोंडांपैकी, पाच मी मातीत घातली. हे लिहितानाही या हातांचा संताप येतोय. पण लिहायला दुसरे हात नाहीत.

मित्र रोह्याचा. शाळेत आम्ही एका बाकावर. पुढे मी कंपनीत शिफ्टला लागलो, तो आखातात एका हॉटेलच्या किचनमध्ये. बावीस वर्षं तिकडे. दोन वर्षांनी महिनाभर यायचा, खजूर वाटायचा, जायचा. यंदा कायमचा परत आला, तेव्हा मुलीने विचारलं, "अब्बा, तुम्ही तिकडं नक्की काय करायचात?"

त्याच्या मेहुण्याने परस्पर सांगून टाकलं, "काय करनार? भांडी घासायचा."

सगळे हसले. हा हसला नाही. "शुक्रवारी जेवायला बसा," म्हणाला, "दाखवतो काय करायचो ते." आणि परत येणाऱ्या एका सोबत्याकडून त्याने सहा आर्टिचोकं मागवून घेतली. तिकडे सोळा-सतरा वर्षं त्याचं तेच काम होतं, आर्टिचोकं सोलायची, शिजवायची, ताटात मांडायची.

नेमका त्याच्या घरचा फ्रिज बंद पडला. गुरुवारी संध्याकाळी पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाला, "नुसती ठेव. सकाळी दहाला नेतो. हात लावू नको हां."

हे मी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही.

शुक्रवारी माझी सेकंड शिफ्ट, बायको पेणला माहेरी. सकाळी दूध काढायला फ्रिज उघडला तर ती सहा हिरवी बोंडं माझ्याकडे बघत होती. एकावर एक खवले, टोकाला काटे. मी म्हटलं, हे तर केळफुलाचं चुलतभावंड. मित्र येईल, घाईत असेल, त्याची अर्धी कामं उरकून ठेवू. उपकार करायची खाज ही खरजेपेक्षा वाईट.

हाताला तेल चोळलं. विळी घेतली. पातेल्यात ताक ओतून ठेवलं. केळफुलाच्या बाहेरच्या पात्या फेकायच्या, आतली फुलं ठेवायची, प्रत्येक फुलातला कडक दांडा काढायचा, मग ताकात बुडवायची. हे मला झोपेतून उठवून विचारा. तसंच केलं. पात्या ओरबाडून कचऱ्याच्या बादलीत. एक काटा अंगठ्यात घुसला, त्या भाजीला मी तिच्या देशासकट शिवी दिली. आत पोचलो तर मऊ, पिवळसर केसांचा पुंजका. मी खूश! म्हटलं, काय कोवळी फुलं! दांडा शोधायला लागलो. चष्मा लावला. एकेक केस चिमटीत धरून दांडा शोधला. सापडेना. तेव्हा तरी डोकं चालायला हवं होतं. पण मी म्हटलं, परदेशी जात आहे, बिनदांड्याची असेल. केस ताकात टाकले आणि खालचा जाड गड्डा, देठ समजून, चहाच्या चोथ्यावर फेकला.

पाच झाली. सहावं हातात घेतलं आणि बेल वाजली.

मित्र आत आला. हातात चार लिंबं. आधी बादलीत बघितलं, मग पातेल्यात.

"हे काय हाय?"

"साफ करून ठेवली. फुलं ताकात घातलीत, काळी पडायची नाहीत."

"फुलं?" त्याने चमचाभर केस उचलले. "खा."

"कच्ची?"

"खा म्हणतो ना!"

खाल्ले. घशात जणू कुणी ब्रश फिरवला. मी खोकत होतो आणि तो माझ्यावर ओरडत होता. "पात्यांच्या बुडाला गर असतो, तो दातानं ओढून खातात! खालचा गड्डा, तो तर जीव हाय तिचा! आनि हे केस आमी चमच्यानं खरवडून फेकतो. तू जीव फेकलास आनि कचरा ताकात घातलास. तुला सांगितलेलं काय मी? सांगितलेलं काय?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण खोकल्याने डोळ्यांत पाणी, चूक उघडी पडलेली, आणि चूक उघडी पडली की मला दुसऱ्याचाच राग येतो. मी म्हणालो, "एवढं काय त्यात! बावीस वर्षं काटेरी गवतच सोललंस ना तिकडे?"

तो ओरडायचा थांबला.

मग त्याने बादलीत हात घातला. चहाच्या चोथ्यातून एकेक गड्डा वेचला, धुतला, सुरीने तासला. तीन पार काळे पडले होते, ते टाकले. दोन ठेवले, लिंबू चोळलं. माझ्याकडे बघितलंही नाही. मी पिशवी धरली, तीही ओढून घेतली.

तरी मी त्याच्या मागोमाग रोह्याला गेलो. कंपनीत फोन करून पोट बिघडल्याचं सांगितलं. घसा म्हणालो असतो तर निदान खरं झालं असतं. नमाजानंतर घरात सगळे जमले. एकच अख्खं आर्टिचोक, मीठ-लिंबाच्या पाण्यात पाऊण तास शिजवलेलं, पाती सहज सुटेपर्यंत. बाजूला लसूण घातलेलं लोणी, आणि ते दोन गड्डे चकत्या करून तुपात परतलेले.

मेहुणा म्हणाला, "एकच? आठ माणसांत?"

मित्र माझ्याकडे बोट दाखवेल म्हणून मी मान खाली घातली. तो म्हणाला, "बाकीची खराब निघाली."

खराब निघाली! शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी उठून म्हणालो, "खराब नाही निघाली. मी नासवली. यानं हात लावू नको सांगितलं होतं." मेहुणा खो-खो हसला. मित्र म्हणाला, "बस खाली. जेवन थंड होतंय."

मुलीने पहिली पाती ओढली, लोण्यात बुडवली, वरच्या दातांनी गर खरवडला. दुसरी घेतली. तिसरी. मेहुण्याने हात पुढे केला तर म्हणाली, "थांब मामू, अब्बाला दाखवू दे." मित्राने चमच्याने केस काढले, एका फिरकीत, एक केस मागे राहिला नाही. गड्ड्याचे चार तुकडे केले. पहिला तिला.

"हे तुम्ही रोज करायचात?"

"दिवसाला शंभर."

"मग आम्हाला इतकी वर्षं हे कसं कळलं नाय?"

त्याने ताट पुढे सरकवलं. दुसरा तुकडा बायकोला, तिसरा मेहुण्याला. चौथा त्याने स्वतः खाल्ला, माझ्याकडे बघत, सावकाश चावून.