काकूंनी माझ्या 'बघू'वर गोळी सोडली

तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नर्सिंगची पदवी घेऊन दोन वर्षं मी बेळगावपासून निपाणीपर्यंत काम शोधलं. सगळीकडे अनुभव मागायचे, आणि तो द्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा दिली. गेल्या आठवड्यात एमबीबीएसला प्रवेश मिळाला. वडगावात आमच्या गल्लीभर पेढे वाटले.

त्या गडबडीत शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, "बीपीच्या गोळीनं चक्कर येतीया गं, सोडू काय?" मी घाईत "बघू काकू" म्हणाले.

आज सकाळी त्या घरातल्या विणकामाच्या मागावरच डोकं धरून बसलेल्या दिसल्या. बीपी मोजलं, तर एकशे नव्वदच्या वर.

"काकू, गोळी?"

"सोडली की. तूच म्हणालीस न्हवं?"

"मी बघू म्हणाले होते!"

"डॉक्टरीण नको म्हणली न्हाय, म्हंजे व्हयच. नुसती नर्स हुतीस तवा तुला कोण इचारत हुतं?"

रिक्षानं त्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळी बदलून दिली. आता काकू बऱ्या आहेत, उलट मलाच 'भित्री' म्हणून चिडवतायत.

मी शाळेत जायच्या आधी घरी अक्षरं शिकवताना माझे वडील, आप्पा, म्हणायचे, "येत नसलं तर येत न्हाय म्हण." तेवढंही मला जमलं नाही.

सोमवारी कॉलेज सुरू होतंय. नोकरी मिळेना म्हणून मी हा रस्ता धरला. माझ्या एका शब्दावर कुणी औषध सोडेल, हे तेव्हा डोक्यातच नव्हतं.

तुमच्यात कुणी डॉक्टर असाल तर खरं सांगा, ही भीती पुढे जाते का? आणि गेली, तर ते बरं असतं का?