देवघरात उतरलेली वाफ

जो अरणीत झोपतो, जठरात अन्न पचवतो आणि समईच्या वातीवर निमूटपणे बसून घराची राखण करतो, त्या अग्निनारायणाला प्रथम वंदन. जिचा घट यंदा आमच्या घरी नऊ दिवस बसला, त्या जगदंबेला त्यानंतर. लिहिण्याचे निमित्त असे की, दसऱ्याला जीपच्या पूजेसाठी जमलेल्या नातलगांना तिच्यातील तांब्याच्या पत्र्याला पडलेले भोक दिसले आणि हे पाप कोणाचे, याची त्यांच्यात कुजबुज सुरू झाली. मला समोर येऊन विचारण्याचे धैर्य एकाही शूराला झाले नाही. म्हणून हे उत्तर लिहून ठेवतो.

जीप माझ्या दिवंगत थोरल्या भावाची. ऐन तारुण्यात घेतलेली ही गाडी त्याने अखेरपर्यंत रोहण्याच्या शेतावर चालवली. तिची पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली आहे आणि तिच्या जुन्या झाकणाला सुईच्या नाकाएवढे छिद्र होते. दसऱ्याला मी त्या झाकणावर गंध लावू लागलो की भाऊ माझा हात धरायचा. "तिथं नको लावू बाबू. टाकीले श्वास घ्या लागते." मी हसत असे. मी संस्कृत शिकवणारा, तो शेतकरी. श्वास म्हणजे काय हे त्याने मला सांगावे? इंजिन आणि बसण्याची जागा यांच्यामधील पत्र्यावर त्याने तळहाताएवढा तांब्याचा पत्रा बसवला होता. त्यावर 'श्री' कोरलेला होता. शेतावर निघताना त्याला हात लावल्याशिवाय तो किल्ली फिरवत नसे.

भाऊ गेल्यावर वहिनी आणि जीप दोघीही सिंदी मेघेला माझ्या घरी आल्या. वहिनींनी स्वयंपाकघर ताब्यात घेतले, जीप पोर्चमध्ये उभी राहिली. पुतण्या जवळच राहतो आणि गावात नोकरी करतो. बापाची गाडी जपावी अशी इच्छा त्याला झाली, याबद्दल मी देवाचे आभार मानले. ते घाईचे ठरले. त्याला जपायची नव्हती, मिरवायची होती. जुना कार्ब्युरेटर काढून त्याने फ्युएल इंजेक्शन बसवून घ्यायचे ठरवले आणि दोन महिने त्याच्या तोंडी सेन्सर, मॅप, प्रेशर यांखेरीज शब्द नव्हता. ज्याला स्वतःच्या गोत्राचा प्रवर सांगता येत नाही, तो पेट्रोलच्या दाबाचे आकडे जपासारखे म्हणत असे.

काम वर्ध्यातील एका मिस्त्रीकडे दिले. पन्नाशीतील, कमी बोलणारा माणूस. त्याच्या टेबलावर तथागतांची लहानशी मूर्ती असे आणि तिच्याभोवतीची फरशी बाकीच्या दुकानापेक्षा स्वच्छ असे. माझ्या लक्षात ही स्वच्छता आली, पण मनात आदर आला नाही. तेलाने काळे झालेले हात पाहून माणसाच्या बुद्धीचे माप घेण्याची खोड मला तेव्हा होती. ती खोड आहे, हेही मला ठाऊक नव्हते.

मिस्त्रीने मला समजावले की आता विजेचा पंप इंजिनाला लागते त्यापेक्षा जास्त पेट्रोल पुढे ढकलतो. उरलेले इंजिनाजवळून तापून टाकीत परत येते, म्हणून टाकीत पूर्वीपेक्षा जास्त वाफ होते. पुतण्याने हौसेने कुलूपवाले नवे झाकण आणले होते, त्याला छिद्र नव्हते. तेव्हा वाफेला वेगळी वाट हवी. टाकीच्या माथ्यापासून एक पाइप निघेल, तो पुढे कोळशाच्या डब्यात जाईल. कोळसा वाफ धरून ठेवील आणि इंजिन चालू झाले की तेच ती ओढून जाळून टाकील.

"पाइप कुठेच खाली वाकला नाई पाह्यजे," तो म्हणाला. "वाकला तं त्याच्यात पेट्रोल साचते अन् वाट बंद होते. म्हणून आसनामागून वर घेतो अन् ह्या पत्र्यातून पुढं काढतो." त्याने बोट ठेवले ते नेमके 'श्री'वर.

"बाजूने काढा," मी म्हणालो.

"एका बाजूले ब्रेकचं सामान हाय, दुसऱ्या बाजूले नवं वायरिंग. इथंच जागा हाय गुरुजी."

"त्या पत्र्याला भोक पडणार नाही."

"मंग वाफ कुठं सोडू? ते धुरासारखी वर नाई जात. पाण्यासारखी खाली बसते."

यावर मी त्याला जे ऐकवले, ते आठवले की आजही कान तापतात. धूम ऊर्ध्वगामी असतो, अग्नीची ज्वाला वर जाते, वाफ वर जाते, हे पाकशाळेतील पोरालाही ठाऊक आहे, असे मी सावकाश, शिकवणीच्या आवाजात सांगितले. दुकानात चार गिऱ्हाइके उभी होती. पुतण्या मोबाइलमध्ये तोंड खुपसून हसत होता. मिस्त्रीने हात पुसले आणि एवढेच म्हटले, "तुमच्या देवाले भोक पाडून मी काऊन शिव्या खाऊ? जसं सांगता तसं."

जीप घरी आली. ती चाकांवर फिरणाऱ्या आरशासारखी चमकत होती आणि पुतण्या दिवसातून तीनदा त्या आरशात स्वतःला पाहत होता. पेट्रोलचा वास येतो, असे मी दोनदा म्हणालो.

"जुनी गाडी हाय काका, वास येनारच. तुमी काऊन टेन्शन घेऊन राह्यले?"

नवरात्रात देवघरात घट बसला आणि वहिनींनी अखंड दीप लावला. त्यांचा नेम चाळीस वर्षांचा. भावाच्या आजारपणातही ती वात विझली नव्हती. आमचे देवघर पोर्चला लागून आहे आणि एक पायरी खाली आहे; मधल्या दाराच्या उंबऱ्याखाली बोटभर फट आहे.

सहाव्या माळेच्या दिवशी भर दुपारी पुतण्या रोहण्याहून आला, तापलेली जीप पोर्चमध्ये लावून आत पाणी प्यायला गेला. आश्विनातले ऊन फरशीवर उभे होते, वाऱ्याचा पत्ता नव्हता. मी देवघराच्या दाराशी पाठ म्हणत होतो. वहिनी माळ बांधता बांधता थांबल्या.

"भाऊजी, देवापाशी पेट्रोलचा वास येऊन राह्यला."

"पोराच्या कपड्यांचा असेल."

त्या फरशीवर वाकल्या. उंबऱ्याच्या फटीपाशी नाक नेले आणि झटकन मागे झाल्या. "उभ्यानं वास कमी हाय, खाली लै हाय." मग त्यांनी समईकडे पाहिले. समई पाटावर ताटात होती, फरशीपासून वीतभर उंच.

त्या क्षणी मला दुकानातले वाक्य आठवले. पाण्यासारखी खाली बसते. वाफ पायरी उतरून आमच्या देवाकडे आली होती.

वहिनींनी समई ताटासकट उचलली, छातीपाशी धरली आणि मागच्या दाराकडे वळल्या. माझ्या तोंडून निघाले, "वहिनी, स्थापित दीप हलवत नाहीत."

"घर पेटन तं तुमचा स्थापित कोन पाहीन? सरका."

मी सरकलो. परसात तुळशीपाशी त्यांनी दीप ठेवला आणि पदराने आडोसा केला. वात थरथरली, पण राहिली.

त्या आत आल्या आणि पुतण्याच्या हातातील किल्ली हिसकावून घेतली. "सुरू नको करू. ढकल." आम्ही तिघांनी जीप हाताने रस्त्यावर काढली. मी सगळी दारे-खिडक्या उघडल्या.

"मिस्त्रीने काही सांगितले होते का?" मी पुतण्याला विचारले.

त्याने मान खाली घातली. "म्हणे गाडी उघड्यावर ठेवजा. पाइपचं तोंड आसनाखाली उघडं सोडून ठेवलं हाय, काका मानले की गाडी आनजा." मग म्हणाला, "उन्हात रंग खराब झाला असता."

आईच्या दिव्यापेक्षा रंग मोठा, असे म्हणणारा मुलगा मी त्या दिवशी पाहिला. पण त्याला बोलण्याचे तोंड मला कुठे होते? त्याने रंगासाठी इशारा गिळला, मी 'श्री'साठी. आमच्यात फरक एवढाच की त्याने मूर्खपणा गुपचूप केला आणि मी तो चारचौघांत प्रवचन देऊन केला.

निरोप मिळताच संध्याकाळी मिस्त्री आला. त्याने मला दोष दिला नाही, हे मला अधिक लागले. मी म्हणालो, "पाडा भोक."

"मी नाई. उद्या तुमचे पाहुने विचारतीन, देवाले भोक कोनी पाडलं, तं नाव माह्यंच निघन." त्याने टाकीची आणि पाइपची तोंडे बुचांनी बंद केली, अर्धा तास गाडीला वारा लागू दिला आणि हातातले ड्रिल माझ्यापुढे धरले. "तुमीच पाडा गुरुजी. मी धरतो."

ज्या हातांचे मी माप घेतले होते, त्या हातांनी माझा हात स्थिर धरला. पत्र्याने किंचाळल्यासारखा आवाज केला. भोक 'श्री'च्या वेलांटीपासून जवभर अंतरावर पडले. मिस्त्रीने कडेला रबराची चकती बसवली, पाइप ओवला आणि कोळशाच्या डब्याला जोडला. तोपर्यंत वहिनींनी उंबऱ्याशी नाक नेऊन तीनदा खात्री केली होती. मगच त्यांनी दीप पुन्हा पाटावर आणला. त्यात तेल घालताना माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "तुमचे भाऊ असते तं म्हनले असते, आता देवही श्वास घेऊन राह्यला."

तर भोक मी पाडले. ज्यांना ते पाप वाटते, त्यांनी पुढच्या दसऱ्याला पोर्चमध्ये येऊन जमिनीलगत नाक न्यावे आणि मग बोलावे. गंध यंदा मी त्या पाइपलाही लावले, टोक सोडून.

वाचकहो, तुमच्या घरातील वात तेलाविना राहू नये. जाणत्याचा शब्द तुम्हाला वेळेवर ऐकू यावा, तो कोणत्याही हातांचा असो. तुमच्या उंबऱ्याच्या आत लेकरे, म्हातारी माणसे आणि देव सुखाने श्वास घेवोत, हीच त्या अग्निनारायणापाशी प्रार्थना.