रिकाम्या चौकोनातले सासरे

आमची धाकटी सून रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये आहे, वीस वर्षं झाली. घरी दूध उतू घालवील, पण लॅबच्या फ्रीजचं तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत लिहिल्याशिवाय राहायची नाही. एकच चौकोन रिकामा राहिला, तोही माझ्यामुळे. मी न्हाणीघरात आपटलो आणि ही हातातलं काम लॅबमधल्या सोबतिणीवर सोपवून धावत आली.

नेमकी त्याच साली लॅबची तपासणी होती. परदेशातही चालणारी मान्यता मिळाली, तर हिला बाहेरच्या लॅबना शिकवायला पाठवणार होते. हिचा सगळा जीव त्यात. मी म्हटलं, "अगं, चार अंश लिहून मोकळी हो. फ्रीज काय साक्षीला येतोय?" आमचे गुरुजी तपासणीच्या आदल्या दिवशी महिन्याची हजेरी अशीच भरत. शाळा सोडून दोन वर्षं झालेला पोरगाही हजर असे.

"बाबा, जे बघितलं नाही ते लिहायचं नाही," एवढंच म्हणाली.

तपासणीला परदेशी बाई आल्या, सोबत खणखणीत आवाजाचा दुभाषी. मी साखर तपासायच्या निमित्तानं बाहेर बाकावर. दार अर्धवट उघडं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. बाई नेमक्या त्याच चौकोनाशी थांबल्या. सुनेनं शेजारी लिहिलं होतं: 'नोंद नाही. कारण, सासरे पडले. फ्रीजमधली रसायनं दुसऱ्या दिवशी तपासली, ठीक आहेत. उपाय: मी नसताना नोंद कोणी घ्यायची ते ठरवलं. न्हाणीघरात रबरी चटई टाकली.'

बाईंनी विचारलं, उपाय लागू पडल्याचा पुरावा काय? आत खुर्ची सरकली. मग सुनेनं दार पूर्ण उघडलं.

"बाबा, जरा आत या. चालत."

मी ऐटीत गेलो. एक फेरी मारली, आणि कुणी सांगितलं नसताना एका पायावर उभाही राहिलो. बाईंना हसू आवरेना, चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाल्या, चारावरून कधीच न हलणारे फ्रीज वह्यांमध्ये पुष्कळ पाहिले, ही वही मात्र खरी आहे.

मान्यता मिळाली. सून आता देशोदेशी शिकवायला जाते आणि पहिल्याच तासाला ते पान पडद्यावर लावते. मी तालुक्याबाहेर फारसा गेलेलो नाही, पण आजवर पाच देशांत पडून आलोय.