पिवळा गेम, काळा गेम

रशीदभाईंच्या घड्याळदुकानात एक ड्रॉवर होता. लोक दुरुस्तीला घड्याळ टाकून जायचे आणि न्यायला विसरायचे, ती सगळी त्यात साचायची. किश्श्यांचंही तसंच आहे. दुकानासमोरच्या बाकावर आम्ही चार-पाच जण रोज बसायचो, जो तो बोलून निघून जायचा आणि साचायचं माझ्याकडे. माझा टायपिंगचा क्लास दुकानाला लागूनच, केजच्या मेन रोडवर. बॅच सकाळी आणि संध्याकाळी. दुपारभर मी मोकळाच.

आज ड्रॉवर उघडलाय तर गेमचे किस्से आधी हाताला लागले.

*

बाजार नुकताच खुला झाला होता. जो परदेशी माल पूर्वी लपूनछपून यायचा, तो आता हातगाड्यांवर दिसू लागला होता. दिवाळी झाल्यावर रशीदभाई घड्याळाचे पार्ट आणायला हैदराबादला गेले आणि येताना सहा व्हिडिओ गेम घेऊन आले. तळहातात मावणारे, पिवळे. छोट्या पडद्यावर वरून ठोकळे पडायचे, ते फिरवून खाली नीट रचायचे, ओळ भरली की ती गायब. बस्स, एवढंच!

पहिला गेम मन्मथअप्पांनी घेतला. अप्पांचं भांड्यांचं दुकान समोरच. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बोलणं कमी, वय पंचावन्नच्या पुढे. खेळणं हातात धरल्याने त्यांना जरा अवघडल्यागत झालं असावं.

"नातवाला घेतलाय," ते म्हणाले.

लगेच मोरे सर म्हणाले, "मला बी एक द्या. नातवाला." मग बाबू कंडक्टर म्हणाला. मग मी म्हणालो. संध्याकाळपर्यंत सहाही गेम संपले.

त्या दिवशी केजात नातवांसाठी सहा गेम विकले गेले. घेणाऱ्यांपैकी चौघांना नातू नव्हता, आणि बाबूचं तर लग्नही व्हायचं होतं!

*

ठोकळ्यांना आम्ही नावं पाडली. चौकोनी तो पेढा, वाकडा तो नांगर, आणि सरळ लांब ती दांडी. दांडीची सगळे वाट बघायचे, कारण ती बरोबर फटीत उभी मारली की चार ओळी एकदम उडायच्या. मोरे सर शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे फटीचा त्यांचा हिशेब पक्का.

एक दिवस स्टाफरूममध्ये ते शेजारच्या सरांना रंगात येऊन सांगत होते, "काल लई मजा आली राव! एका दमात चार दांड्या मारल्या!"

दारात हेडमास्तर उभे. ते शांतपणे आत आले, कपाटातून रजेचं रजिस्टर काढलं, पान उलटलं आणि चष्मा वर करून म्हणाले,

"सर, माझ्याकडं तीनचीच नोंद हाय. चौथी कधी मारली?"

*

रेकॉर्ड मात्र अप्पांचं. बाकावर बसून ते खेळायचे तेव्हा दोन हजाराच्या पलीकडे जाताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. पण दुपारी जेवायला घरी जायचे, जरा आडवे व्हायचे, आणि चारला दुकान उघडायला आले की गेम आमच्यापुढे धरायचे. एकदा चार हजार. मग सहा. संक्रांतीच्या सुमाराला आठ हजार सातशे चाळीस!

"अप्पा, कसं काय जमतं बे हे तुमाला?" बाबूच्या तोंडून बे निघून गेलं आणि त्याने जीभ चावली.

अप्पा म्हणाले, "झालं."

"पर इथं कावून होत न्हाई?"

"घरी निवांत असतंय."

'मी केलं' असं ते एकदाही म्हणाले नाहीत. आम्हाला त्यांच्या या विनयाचं फार कौतुक वाटायचं. मी तर ते रेकॉर्ड दोन ओळींच्या अंतराने सुबक टाईप करून दिलं, आणि अप्पांनी तो कागद भांड्यांच्या दुकानात तराजूच्या वर चिकटवला. मोठं पातेलं घ्यायला आलेली गिऱ्हाइकं आधी तो वाचायची. अप्पा मान खाली घालून पातेलं पुसत राहायचे.

*

गुढीपाडव्याला रशीदभाईंनी नवा माल काढला आणि आमच्या बाकाची फाळणी झाली.

साचा तोच, बटणं त्याच जागी, पण रंग काळा. ओळ उडाली की आवाज यायचा. आणि मुख्य म्हणजे सेल बदलले तरी रेकॉर्ड जायचं नाही. पिवळ्याची गोष्ट वेगळी होती. तो बंद केला तरी आकडा ध्यानात ठेवायचा, पण सेल काढले की सगळं विसरून शून्यावर.

"ये सुधारेला मॉडेल है," रशीदभाई म्हणाले.

अप्पांनी काळा गेम हातात घेतला, उलटासुलटा पाहिला आणि परत दिला.

"आमचं बिघडलंच न्हाई, तर हे सुधारलं काय?"

मला तेव्हापासून एका गोष्टीचं कुतूहल आहे. माझा पिवळा गेम आदल्या दिवशी होता तसाच त्या दिवशीही होता. एक बटण सैल झालं नव्हतं. मग रशीदभाईंनी नुसता एक खोका फोडल्याबरोबर तो जुना कसा झाला? आणि मला इतका राग का आला? पाच महिने थांबलो असतो तर, हा एकच विचार सारखा डोक्यात. अप्पा आणि मोरे सर पिवळ्याचे राहिले. बाबूने काळा घेतला आणि तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसू लागला.

मी? मी जे केलं त्याची अजून लाज वाटते. रशीदभाईंना एकट्याला गाठलं आणि काळ्याचं यंत्र माझ्या पिवळ्या डब्यात बसवून घेतलं. साचा तोच, चपखल बसलं. आठ दिवस अप्पांच्या शेजारी बसून, आवाज बंद ठेवून, मी ताठ मानेने 'जुन्यात जी मजा हाय ती नव्यात न्हाई' असं म्हणत होतो.

नवव्या दिवशी अंगठा चुकून भलत्या बटणावर पडला आणि माझा पिवळा गेम गाऊ लागला.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुमच्या पिवळ्याला कंठ फुटला जणू!"

*

बाबूची एसटी केज-वडवणी रूटवर. एकदा मधल्या थांब्यावर तो चहा प्यायला उतरला आणि काळा गेम पुढच्या सीटवरच्या ओळखीच्या प्रवाशाच्या हातात देऊन गेला. त्या गृहस्थाच्या दोन ओळी उडाल्या. टिण टिण!

डबल बेल म्हणजे गाडी सोडा. ड्रायव्हरने गिअर टाकला आणि गाडी सोडली.

बाबू हातातला कप टाकून पळाला, पण गाडी गेलेली. मागून एक जीप येत होती, तीत तो लटकला. जीपवाला गाडीला मागे टाकून आधीच वडवणीला पोचला. स्टँडवर एसटी लागली तेव्हा बाबू खाली कमरेवर हात ठेवून उभा.

ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"तू कवा उतरलास बे?"

पिवळ्या पार्टीने हा किस्सा महिनाभर पुरवला. "आमच्यात ही आवाजाची भानगडच न्हाई," असं मोरे सर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

*

आणि अशातच बाबूने आठ हजार नऊशे केले. काळ्यावर.

"अप्पांचं रेकॉर्ड मोडलं!" तो ओरडत बाकाकडे आला. "मास्तर, कागद बदला!"

मोरे सर उठून उभे राहिले. "न्हाई चालणार. काळ्यातले ठोकळे हळू पडतात. पेपर सोपा काढला की पास जास्ती होतात, हुशारी वाढत न्हाई!"

"हळू पडतात? कोण म्हणतं?"

"मोजू की!"

दोन्ही गेम एकाच वेगावर लावले. पहिला ठोकळा खाली यायला किती सेकंद लागतात ते बघायचं ठरलं. घड्याळाच्या दुकानात घड्याळांना काय तोटा! काउंटरवरची तीन घेतली, तिघांच्या हातात एकेक. अप्पांनी बटण दाबलं. ठोकळा खाली टेकला.

"सात!" बाबू म्हणाला.

"अकरा!" मोरे सर म्हणाले.

माझं घड्याळ बंदच होतं.

सगळ्यांनी रशीदभाईंकडे पाहिलं. रशीदभाई डोळ्यावरची भिंगाची नळी न काढता म्हणाले,

"ये सब रिपेरी के हैं, साब. बरोबर चलते तो यां कायको आते?"

*

शेवटी तोडगा निघाला. रविवारी दुपारी दोन्ही गेम बाकावर शेजारी शेजारी ठेवायचे, पडद्यावरचे आकडे सगळ्यांनी बघायचे, आणि मी दोन वेगळे कागद टाईप करायचे. पिवळ्यांत पहिला एक, काळ्यांत पहिला एक. पडद्यावर आकडा नसेल तर कागद उतरवायचा. बाबूने हे कबूल केलं, पण गालात हसून.

कारण त्याला ठाऊक होतं. अप्पांच्या गेमचे सेल संपत आले होते. पडद्यावरचे आकडे इतके फिके झाले होते की ते दिसायला गेम तिरका धरावा लागायचा. आणि सेल बदलावेत तर रेकॉर्डच जाणार! अप्पांनी खेळणं कधीच सोडलं होतं. दिवसातून एकदा आकडा आहे की गेला एवढं बघायचे आणि लगेच बंद करायचे. रशीदभाई म्हणाले, बाहेरून दोन वायरी जोडून चालू करंटमध्ये सेल बदलून देतो.

"अन् आपरेशनमध्ये पेशंट गेला तर?" अप्पा म्हणाले. गावात लोक त्यांना आता भांडीवाले अप्पा म्हणत नव्हते, रेकॉर्डवाले अप्पा म्हणत होते.

मग त्यांनी आपला उपाय काढला. सेल उतरले की आपण सगळेच ते उन्हात ठेवतो. रेडिओचे ठेवतो, बॅटरीचे ठेवतो, वाळले की दोन दिवस चालतात. पण इथे सेल बाहेर काढायची सोय नव्हती. म्हणून अप्पांनी सेलसकट अख्खा गेमच घराच्या गच्चीवर उन्हात ठेवायला सुरुवात केली. चैत्र सरलेला, ऊन रणरणतं. काशीकाकूंच्या, म्हणजे अप्पांच्या मंडळींच्या, कुरडया तिथेच पातळावर वाळत घातलेल्या असायच्या. त्यांच्या रांगेत हा एक पिवळा गेम.

रविवारी दुपारी आम्ही बाकावर जमलो. अप्पा म्हणाले, "घरीच चला. गार झाल्यावर आकडा दिसंल न दिसंल. उन्हातून उचलल्या उचलल्या बघा."

आम्ही सगळे जिना चढून वर गेलो. बाबूच्या हातात काळा गेम, माझ्या हातात कोरे कागद. काशीकाकू पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून कावळे हाकत होत्या.

पातळाच्या कडेला गेम होता. त्याचं पाठीमागचं झाकण उघडं होतं. आणि त्याच्या शेजारी, कुरडयांच्या ओळीत, दोन सेल नीट अंतर ठेवून आडवे वाळत ठेवलेले होते.

बाबूने काळा गेम खिशात टाकला.

अप्पांनी खाली बसून सेल उचलले, घातले, बटण दाबलं. शून्य. उन्हाने सेलांत तेवढा जीव आला होता की शून्य मात्र ठळक दिसत होतं.

"सेल तू काढले?" त्यांनी विचारलं.

"मंग? आतल्या आत कसे वाळतेत?" काकू म्हणाल्या. "अन् तोंड कावून पाडलं एवढं?"

"रेकॉर्ड गेलं."

"किती होतं?"

"आठ हजार सातशे चाळीस," आम्ही सगळे एकदम म्हणालो.

काकूंनी पदराला हात पुसले. अप्पांच्या हातातून गेम घेतला, टाकीला पाठ लावून बसल्या आणि मोरे सरांना म्हणाल्या, "सर, तेवढे कावळे बघा."

मोरे सर कावळे हाकू लागले. मी पाहत होतो ते फक्त काकूंचे अंगठे. टायपिंगच्या क्लासात इतक्या वर्षांत मी असे अंगठे पाहिले नव्हते. पाऊण तास झाला असेल. अप्पा कुरडयांकडे बघत होते.

मग काकूंनी गेम अप्पांपुढे धरला. पडद्यावर नऊ हजार एकशे वीस.

"घ्या," त्या म्हणाल्या. "मागल्या बारीला मधीच दूध उतू गेलतं."