खोक्यात बसलेलं यान

माझी मावशी अंतराळयान होती. हे मी शाळेत सांगितलं तेव्हा बाईंनी मला कोपऱ्यात उभं केलं, पण त्यात खोटं काहीच नव्हतं.

दर आठवड्याला टीव्हीवर लागणारी अंतराळातली ती मालिका माझ्या जन्माआधी सुरू झाली आणि मला मुलं झाली तरी चालूच होती. कप्तान आले, कप्तान गेले. यान तेच राहिलं आणि यानाचा आवाजही तोच राहिला, मावशीचा. मुळात ती स्टुडिओच्या फाटकाशेजारच्या खोलीत बसून लाउडस्पीकरवर घोषणा करायची. यानाचा आवाज देणारी नटी पहिल्याच दिवशी रुसून निघून गेली, आणि दिग्दर्शक डोकं धरून बसला असताना बाहेरून मावशी बोलली, "निळ्या गाडीच्या मालकांनी गाडी काढावी, रस्ता अडलाय." आवाजात रागाचा लवलेश नाही, पण गाडी काढल्याशिवाय सुटका नाही. दिग्दर्शक म्हणाला, "यान सापडलं." निळी गाडी त्याचीच होती.

सेटच्या प्लायवुडच्या भिंतीमागे तिच्यासाठी एक खोका ठोकला. आत एक स्टूल, एक माइक आणि पायाशी बटण. बटण दाबलं की भिंतीच्या पुढच्या बाजूला तांबडा दिवा लागायचा, तो यानाचा डोळा. एरवी असले आवाज मागाहून भरतात. पण मावशीनं सुरुवातीलाच सांगून टाकलं, "माणसं भिंतीशी बोलणार असतील तर भिंतीत कुणीतरी हवं." तेव्हापासून ती तिथे बसून जागच्या जागी बोलायची. आधी दिवा, मग श्वास, मग शब्द. नव्या नटाला पहिल्या दिवशी एवढंच शिकवत: दिवा लागला की तोंड बंद.

मग मावशीच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधी होती, आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. पण आवाज परत आला तो रिकामा डबा फरशीवरून ओढल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, "बोलता येईल, पण आता हाच आवाज." एवढं मोठं दुखणं मावशीनं हूं की चूं न करता काढलं होतं. या एका वाक्यानं मात्र ती खचली. कितीतरी दिवस घरात नुसत्या खुणा करायची.

तशात दिग्दर्शक भेटायला आला. माणूस वाईट नाही, पण वाईट बातमी गोड बोलून देणाऱ्यांचा मला मनस्वी राग आहे. म्हणाला, "तुमचे जुने संवाद कापून, जोडून एक भाग भागवतो. त्यात यान फुटेल. पुढे नवं यान, नवा आवाज. तुम्ही आता निवांत आराम करा."

तो गेल्यावर मीही शहाणपणा केला. "बरोबरच आहे त्यांचं. खूप काम केलंस."

"आराम मेल्यावर करायचाच आहे," मावशी खरखरली. "पण मी जिवंत असताना माझ्या जागी माझेच जुने तुकडे बसवायचे आणि वर मलाच मारायचं? मला यान व्हायचंय गं. दुसरं काही मला येतही नाही आणि नकोही आहे."



त्या भागाच्या चित्रीकरणाच्या दिवशी आम्ही दोघी स्टुडिओत गेलो, खोक्यातली तिची उशी, थर्मास आणि जुना चष्मा आणायला. दुसऱ्या कुठल्याही दिवशी जाता आलं असतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

आत सगळं घोडं अडलेलं होतं. प्रसंग असा: दगडांच्या वादळात यान फुटलंय, सगळी माणसं छोट्या नावेत बसलीत, पण कप्तान यानाला सोडून जायला तयार नाही. यानानं त्याला हाकलायचं. ध्वनिवाला मावशीचे जुने तुकडे वाजवत होता, आणि दर वेळी कप्तान यानाच्या बोलण्यावर बोलत होता. एकदा, दोनदा, पुन्हा. दिग्दर्शक त्याच्यावर खेकसला. बिचारा कप्तान तरी काय करणार? तुकडा सुरू झाला की दिवा आपोआप लागेल अशी जोडणी केली होती. दिवा आणि शब्द एकदमच. मधला श्वास कुणी जोडलाच नव्हता, आणि इतकी वर्षं तो त्या श्वासात थांबत आला होता.

त्याला आम्ही दिसलो. तसाच चांदीच्या पोशाखात तो मावशीपुढे येऊन उभा राहिला. "मावशी, बोलू नका हवं तर. पण दिवा तेवढा तुम्ही लावा."

दिग्दर्शकानं हात जोडले. मावशी खोक्यात शिरली. मी दाराशी उभी राहिले.

आता सगळं सुरळीत चाललं. मावशी दिवा लावायची, कप्तान थांबायचा, मग तुकडा वाजायचा. शेवटी कप्तान म्हणाला, "तुला एकटं टाकून मी जाणार नाही." मावशीनं बटण दाबलं. दिवा लागला. आणि तिनं माइककडे झुकून श्वास घेतला, पूर्वीसारखा, खोल.

ध्वनिवाल्याच्या कानात तो श्वास गेला मात्र, तुकडा वाजवायला निघालेला त्याचा हात जागीच थांबला. मावशीनं श्वास घेतला की कशाला हात लावायचा नाही, हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं.

"जा," मावशी म्हणाली. तोच फाटका आवाज. "माझ्याकडे बघत बसू नका. मी फुटलेय, पण बंद पडलेली नाही. माणसं घेऊन निघा."

कप्तानाच्या डोळ्यांत खरं पाणी आलं. तो पाठ फिरवून चालू लागला आणि दाराशी एकदा अडखळला, तेही खरंच. दिग्दर्शक थांबा म्हणायलाच विसरला. माझं काय झालं ते सांगायला मला लाज वाटत नाही, मी पदर तोंडात कोंबून रडत होते.

दिग्दर्शक खोक्याशी आला, वाकला. "असं फुटलेलं यान मला लिहायला बसूनसुद्धा सुचलं नसतं. पुढचे भाग याच आवाजात कराल?"

"आधी आत एक पंखा बसवा," मावशी म्हणाली. "इतकी वर्षं मागायचं राहून गेलं."

यान मेलं नाही. पुढच्या भागात कप्तान परत येऊन त्याला ओढून नेतो असं लिहिलं. पूर्वी मावशीचा आवाज यंत्रातून गुळगुळीत करून घेत, त्यामुळे बाहेर तिला कधी कुणी ओळखलं नाही. आता तो जसाच्या तसा ठेवला.

वादळाचा भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही भाजीला गेलो. दुकानात रेटारेटी, आरडाओरडा. भाजीवाला पाठमोरा होता.

"अर्धा किलो बटाटे," मावशी म्हणाली.

त्याचा हात थांबला. मागची रांग गप्प झाली. सगळे वळून माझ्या बुटक्या, चष्मेवाल्या मावशीकडे बघू लागले. भाजीवाला सावकाश फिरला आणि सरळ ताठ उभा राहिला. "तुम्ही... ते यान?"

"हो," मावशी म्हणाली. "मीच."