सव्वा मूठ

आमच्या खानदेशात श्रावणातल्या रविवारी कानबाई बसते. नारळाला नथ घालून, साडी नेसवून तिला सजवतात आणि नैवेद्याला गव्हाचे रोट करतात. त्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, अशी रीत. देवी बाई, गहू निवडणारी बाई, चुलीपुढे घामाघूम होणारीही बाईच. मूठ तेवढी पुरुषाची! पाळण्यातल्या पोराचीसुद्धा.

आठ वर्षांची असताना धुळ्याला मी आईला माझ्या मुठीचं विचारलं होतं, "माय, मनी मूठ?"

"पोरनी मूठ सासरे ऱ्हास," ती म्हणाली. मी भोळी, मला ते खरंच वाटलं. लग्न होऊन जळगावला पिंप्राळ्यात आले, तेव्हा पहिल्याच श्रावणात सासूबाईंना तेच विचारलं. त्या खो खो हसल्या. "बाईनी बी मूठ ऱ्हास का?" आईने मला चक्क फसवलं होतं. तो राग मी पुढे बारा वर्षं गहू निवडता निवडता जपला.

मग नवरा गेला. त्याच्या जागेवर मला ऑफिसात घेतलं. घरात उरलो सासूबाई, मी आणि माझ्या दोन मुली. त्या श्रावणात दोंडाईच्याहून थोरले दीर आले, ते कानबाईचा नारळ न्यायलाच. माझ्याकडे न बघता सासूबाईंना म्हणाले, "माय, आते रोट मनाकडेच. आठे माणूसच नही, कोना नावना रोट?"

सासूबाईंनी मान खाली घातली. माझ्या मात्र मस्तकात तिडीक गेली. चार जिवंत बायका समोर, आणि म्हणे घरात माणूस नाही! धाकटी दारात उभी राहून ऐकत होती. तीही आठ वर्षांचीच. तिला फसवणं मला जमणार नव्हतं.

मी सूप पुढे ओढलं आणि गव्हाच्या डब्यात हात घातला.

"ही थोरलीची. ही धाकटीची. आणि ही माझी. भाऊ, जेवून जा, पण नारळ इथून हलणार नाही."

"माय, सांग ना हिले!" दीर ओरडले.

सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. आता सूप उधळणार, असं वाटून मी ते घट्ट धरलं. त्यांनी सुपात वाकून पाहिलं आणि माझ्यावरच डाफरल्या, "मनी ऱ्हायनी ना!"

आणि स्वतःच डब्यात हात घातला.